येळवशीच्या दुसऱ्या दिवशी: सव्वाशे माणसांच्या खानदानाचे खेळ कसे मांडायचे

सोयाबीनची पोती तोलायचा काटा आदल्या रात्रीच चार्जिंगला लावून ठेवा. खेळाच्या दिवशी सकाळी सगळ्यात आधी लागतो तो हाच, आणि नेमकी तेव्हाच त्याची बॅटरी बसलेली असते. पोती तोलायची नाहीत, माणसं तोलायची आहेत. का ते पुढं सांगते.

आमचं खानदान लातूरच्या औसा तालुक्यातलं. चुलत, आते, लेकी, जावई, नातवंडं धरून सव्वाशेच्या आसपास डोकी. दरवर्षी येळवशीच्या, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येच्या, दुसऱ्या दिवशी आमच्या शेतात दिवसभर खेळ होतात. मी या घरात १९९७ साली सून म्हणून आले. माहेर धाराशिवचं, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादचं. शाळेत असताना खो-खो खेळले, लग्नानंतर शिट्टी फक्त जिल्हा परिषदेच्या शाळेत वाजवली. गेली अठरा वर्षं घरच्या खेळांची वही माझ्याकडं आहे. पुण्याच्या भाचीनं मागच्या महिन्यात फोन केला, "मामी, आमच्या सासरी असं काहीतरी सुरू करायचंय, नीट लिहून द्या ना." फोनवर सांगत बसले असते तर दोन तास गेले असते, म्हणून लिहून काढलं.

ही प्रथा मामंजींनी पाडली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि आमचा माळवदाचा वाडा बसला. माणसं वाचली. नव्या गावठाणात घरं मिळाली ती पाच भावांना पाच टोकांना. एका चुलीवर जेवलेली लेकरं पाहुण्यासारखी चपला काढून एकमेकांच्या बैठकीत बसायला लागली, हे मामंजींना बघवेना. पुढच्या येळवशीला त्यांनी ढिगाऱ्यातून काढलेली तांब्याची घागर बांधावर ठेवली आणि म्हणाले, कबड्डी जिंकेल त्याच्या घरी ही वर्षभर. घागर अजून तीच आहे. एका बाजूनं चेपलेली, काठाला चीर. तिच्यात पाणी राहत नाही, पण ती डागडुजीला द्यायची नाही असा ठराव वहीत पहिल्या पानावर आहे.

तारीख दिवाळीतच

लातूर-धाराशिवच्या बाहेरच्यांसाठी सांगते. मार्गशीर्ष अमावस्येला आमच्याकडं सगळं गाव शेतात जातं. कडब्याची कोप (खोपी) करायची, पाच दगडांना चुना-काव लावून पूजा करायची, भज्जी, उंडे, आंबिल, खीर, आणि वाटेनं जाणाऱ्यालासुद्धा हात धरून जेवायला बसवायचं. ही वेळा अमावस्या, आमच्या तोंडी येळवस. त्या दिवशी गावात चिटपाखरू नसतं. लेकी, जावई, पुण्या-मुंबईची पोरं आपसूक आलेली असतात. माणसं गोळा करायचा निम्मा ताप तिथंच संपतो. तुमच्याकडं येळवस नसेल तर गावची जत्रा धरा, हुरड्याचा दिवस धरा, काहीही धरा, पण ज्या दिवशी माणसं एरवीही येतात त्याला लागूनच खेळ ठेवा. स्वतंत्र तारीख काढाल तर पहिल्या वर्षी साठ माणसं येतील, तिसऱ्या वर्षी बारा.

येळवशीच्याच दिवशी मात्र खेळ ठेवू नका. त्या दिवशी पूजा असते, पाहुणे असतात, बायका आदल्या रात्रभर जाग्या असतात आणि दुपारी भज्जी खाऊन पुरुष कोपीच्या सावलीला आडवे झालेले असतात. २०२४ ला येळवस ३० डिसेंबरला आली, २०२५ ला १९ डिसेंबरला. तारीख अशी मागंपुढं होते म्हणून नोकरदार मंडळी शेवटपर्यंत घोळ घालतात. त्याला एक सोपी युक्ती आहे. लक्ष्मीपूजनाची अमावस्या ते येळवशीची अमावस्या म्हणजे दोन चांद्र महिने, एकोणसाठ-साठ दिवस. आणि रेल्वेचं आरक्षणही आता साठ दिवस आधी उघडतं. म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या दोन-तीन दिवस आधी मुंबईच्या पोरांनी लातूर एक्स्प्रेसचं तिकीट काढायचंच. धनत्रयोदशीच्या दिव्याबरोबर मी कुटुंबाच्या ग्रुपवर एकच ओळ टाकते: "तिकिटं काढली का?"

वही

दोनशे पानी, पुठ्ठ्याची. मोबाइलमधली यादी शेतात कामाची नाही. ऊन पडलं की दिसत नाही आणि चार्जिंग दुपारी बारालाच संपतं. प्रत्येकाचं नाव, वय, कुणाच्या घरचं, आणि शेवटचा रकाना "काय खेळायचं नाही". हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. गुडघा, बीपी, शुगर, मणका, अँजिओप्लास्टी, नुकतंच बाळंतपण. हे मी फोनवर बायकांना विचारते, पुरुषांना नाही. पुरुष खोटं बोलतात. आमच्या एका दिरांना स्टेंट पडलेली, सांगितलंच नाही, आणि कबड्डीत चढाईला निघाले. जाऊबाईंनी कोपीतून येऊन त्यांना हाताला धरून बाहेर नेलं. सगळे हसले, मी नाही हसले.

संघ पाडणं

इथं आम्ही चुकलो होतो, तुम्ही चुकू नका. सुरुवातीला संघ घरवार होते: थोरल्या घरचा, मधल्या घरचा, धाकट्या घरचा. ऐकायला छान वाटतं. मग एका वर्षी थोरल्या आणि तिसऱ्या दिरांमध्ये बांधावरून वाद सुरू झाला, दोन सऱ्या कुणी कोरल्या यावरून. त्या येळवशीला कबड्डीत जी पकड झाली ती कबड्डीची नव्हतीच. शर्ट फाटला, शिव्या झाल्या, आत्याबाई मध्ये पडल्या तेव्हा थांबलं. त्यानंतर तीन वर्षं दोन घरं एकमेकांच्या दारात गेली नाहीत.

तेव्हापासून संघ चिठ्ठीनं. चार संघ, नावं नद्यांची: मांजरा, तेरणा, रेणा, तावरजा. (दरवर्षी मांजराचे लोक तोच विनोद करतात की शेवटी तुम्ही सगळ्या आम्हालाच येऊन मिळणार. भूगोल त्यांच्या बाजूचा आहे, काय करणार.) चिठ्ठ्या एकाच डब्यात टाकायच्या नाहीत. सहा डबे करा: दहाच्या आतली लेकरं, अकरा ते सोळा, तरुण पोरं, तरुण मुली-सुना, चाळिशीपुढचे पुरुष, चाळिशीपुढच्या बायका. प्रत्येक डब्यातून आळीपाळीनं चार संघांत वाटत जायचं. एकच नियम वरून लावायचा: नवरा-बायको एका संघात नकोत. एका संघात असले की बायको पाणी द्यायला उभी राहते. विरुद्ध संघात असली की खेळते. कुठून आणलं हा नियम म्हणून विचारू नका, पंचवीस वर्षं बघते आहे.

चिठ्ठ्या काढायचं काम पाच-सहा वर्षांच्या लेकराकडं द्या. मोठ्या माणसानं काढली की "घडी बघून उचलली" असं कुणीतरी म्हणतंच.

आता काटा. रस्सीखेच वजनावर चालते, डोक्यांवर नाही. आठ-आठ माणसं समोरासमोर उभी केली आणि एका बाजूला आमचे नळदुर्गचे जावई निघाले, एकशे आठ किलो, तर दुसऱ्या बाजूला दोन कॉलेजची पोरं जास्तीची द्यावी लागतात. म्हणून सकाळी आठला काटा मांडायचा आणि आठ जणांची बेरीज दोन्हीकडं दहा-पंधरा किलोच्या फरकात आणायची. बायकांचं वजन काट्यावर मोठ्यानं वाचायचं नाही. काट्याचा डिस्प्ले भिंतीकडं, वाचायला एक पुतणी, लिहायला ती स्वतः, बस. आमच्या धाकट्या जाऊबाई पहिल्या वर्षी काट्यावर चढायलाच तयार नव्हत्या. म्हणाल्या, "मी काय तूर आहे व्हय?" पुतणीनं पदर पसरून आडोसा केला तेव्हा चढल्या.

स्वयंपाक आधी ठरवा, खेळ नंतर

हे वाचून घरातले पुरुष पान उलटतील, म्हणून मधोमध लिहिते आहे. ज्या घरात खेळाच्या दिवशी चूल बायकांकडं असते तिथं खेळ पुरुषांचे होतात आणि बायका टाळ्या वाजवतात. आमच्याकडं पहिली दहा वर्षं तेच झालं. मी खो-खोची खेळाडू, आणि दहा वर्षं बांधावर भाकरी थापत कबड्डी बघितली.

उपाय असा. येळवशीची भज्जी दुसऱ्या दिवशीसाठी मुद्दाम जास्तीची करायची. तुरीचे, हरभऱ्याचे सोले, वाल, मेथी, पालक, चुका, चिंच आणि बेसन असलेली ही गच्च भाजी दुसऱ्या दिवशी जास्त लागते, थंडीच्या दिवसांत टिकतेही. सकाळी खदखदून उकळी आणायची, एवढंच. भाकरीऐवजी कडक भाकरी, पाचशे भाकरींचं बंडल दोन आठवडे आधी सांगून ठेवायचं. सोबत शेंगदाण्याची चटणी, कांदा, दही. खिचडीची कढई चाळिशीपुढच्या पुरुषांकडं, त्यातही जे खेळत नाहीत त्यांच्याकडं. पहिल्या वर्षी खिचडी खाली लागली, वर पातळ. खाल्ली सगळ्यांनी. आता थोरले दीर दिवाळीपासूनच "या वर्षी मसाला मी घरूनच कुटून आणतो" म्हणून सांगत असतात.

आणि आंबिल. ज्वारीचं पीठ ताकात आंबवून शिजवलेलं, मीठ, लसूण, जिरं. खेळणाऱ्याला दुपारी अकराला गार आंबिलाचा एक पेला द्या, थंड पेयांच्या बाटल्या आणायची गरज नाही. बाटल्या आणल्या तर लेकरं त्याच पितात आणि पळताना पोट धरून बसतात.

जागा

काळ्या रानात पाणी पडलं की चिखल आणि पाणी नसलं की भेगा. भेगेत घोटा अडकला की महिना गेला. त्यामुळं कबड्डी-खो-खोसाठी सोयाबीन निघालेलं पड रान घ्या आणि पंधरा दिवस आधी कामाला लागा. वखराची पाळी घालायची, ढेकळं फोडायची, वर दोन ट्रॉल्या पांढरी माती आणि सोयाबीनचा भुस्सा पसरायचा, पाणी मारायचं. मग थांबायचं. वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण चिकटत नाही अशी झाली, की ट्रॅक्टरची चाकं शेजारी-शेजारी फिरवून दाबून घ्यायचं. वाफसा यायच्या आधी ट्रॅक्टर घातला तर चाकोऱ्या पडतात आणि त्या वाळून दगड होतात. आधीच्या पिढीला हे शिकवायला लागत नव्हतं, खळं असंच करायचे. आता मळणी यंत्रावर होते, खळं केलेली माणसं आमच्या घरात दोनच उरलीत. दोघंही त्या पंधरा दिवसांत फार भाव खातात.

२०१५ च्या दुष्काळात मात्र जागा केलीच नाही. प्यायचं पाणी टँकरचं, मैदानावर मारणार कुठून? त्या येळवशीला नुसत्या गोट्या, गजगे (सागरगोटे) आणि गप्पा झाल्या. पुढं उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. घागर त्या वर्षी कुणाकडंच गेली नाही, देवघरात ठेवली.

सराट्यांचं, म्हणजे रानातल्या काटेरी गोखरूंचं, बघा. अनवाणी पोरगं पहिल्या धावेतच खाली बसतं. झाडून सराटे निघत नाहीत. जुनं गोणपाट ओलं करायचं, वर एक लेकरू बसवायचं आणि दोघांनी ते मैदानभर ओढायचं. वजनानं सराटे गोणपाटात रुततात. उभं आडवं दोनदा फिरवा. बसणाऱ्या लेकरांची रांग लागते, त्यामुळं मजूर शोधायला लागत नाही.

आखणीला फक्की (पांढरी पूड) वापरा, चुना नाही. चुन्यावर सूर मारला की गुडघ्याचं कातडं भाजतं, डोळ्यात गेला तर आणखी वाईट. पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर आणि महिलांचं १२ बाय ८. आम्ही सगळ्यांसाठी ११ बाय ८ आखतो, किशोरांचं माप; चाळिशीच्या फुप्फुसांना तेवढंच झेपतं. चारही कोपरे काटकोनात आलेत का बघायला कर्ण मोजा, दोन्ही कर्ण १३ मीटर ६० सेंटिमीटर भरले पाहिजेत. एक १३.४० आणि दुसरा १३.८० आला तर मैदान पतंगासारखं तिरकं झालंय, फक्की पुसा आणि परत आखा. आमच्या चिरंजीवांनी एकदा नजरेनं आखलं होतं. इंजिनिअर आहेत.

कबड्डी

सात-सात जण, दहा-दहा मिनिटांचे दोन डाव, मध्ये पाच मिनिटं. घड्याळावरची ३० सेकंदांची चढाई आम्ही ठेवत नाही, दमावरच ठेवतो. "कबड्डी कबड्डी" ऐकू येणं बंद झालं की चढाई संपली. लहान लेकरांना आपल्या आजोबांचा दम किती आहे ते त्यात कळतं. बोनस रेषा काढून टाका, तिच्यावरून भांडणं फार. लोण (समोरचा पूर्ण संघ बाद) ठेवा, दोन गुण जास्तीचे मिळाल्याचा आनंद वेगळा असतो. पंचेचाळिशीपुढच्यांसाठी घोट्याची पकड बंद, कमरेचीही बंद, नुसता हात लागला तरी बाद. आणि हा नियम खेळ सुरू व्हायच्या आधी वाचून दाखवायचा, मध्येच नाही.

खो-खो

यावर मी जरा जास्त लिहिणार. खो-खोचा संघ नीट बसला नाही तर तो लंगडीपेक्षा वाईट दिसतो.

स्पर्धेचं मैदान २७ बाय १६ मीटर, दोन खांबांमध्ये आठ चौक, आठ बसलेले आणि एक पाठलागावर. घरच्या खेळाला एवढं मोठं लागत नाही. आम्ही सहा चौकांचं करतो, खांबापासून खांब अठरा मीटर. खांब लिंबाचे, रंध्यानं गुळगुळीत केलेले, दोन फूट जमिनीत आणि वर साधारण १२० सेंटिमीटर. खांबाला चीर किंवा गाठ राहिली की वळताना तळहात फाटतो, त्यामुळं आदल्या दिवशी स्वतः हात फिरवून बघा. मधली पाटी, म्हणजे खांबापासून खांबापर्यंतचा बसायचा पट्टा, फूटभर रुंद.

नवख्यांना बसायला शिकवा, पळायला नंतर. उकिडवं बसायचं, पण टाचा टेकवून नाही. दोन्ही पंजांवर भार, एक पाय किंचित मागं, हातांची बोटं जमिनीला टेकलेली, मान ताठ. उठायचं ते वर नाही, पुढं. पहिल्या दिवशी सगळ्या सुना आधी सरळ उभ्या राहायच्या आणि मग पळायच्या; तेवढ्या वेळात पळणारी चार पावलं गेलेली असते. मी त्यांच्या डोक्यावर हाताची उशी धरायचे आणि सांगायचे, उठताना माझ्या हाताला डोकं लागलं तर परत बसा. दहा वेळा केलं की जमतं. दुसरं, खो पाठीमागूनच द्यायचा, आधी हात, मग आवाज, एकाच क्षणात म्हटलं तरी चालेल. आमच्याकडं नुसतं "खो" ओरडून पुढं निघून जाणारी मंडळी फार. आणि एकदा दिशा घेतली की खांब शिवल्याशिवाय मागं वळायचं नाही, पाटी ओलांडायची नाही. पळणाऱ्यांच्या तिघा-तिघांच्या तुकड्या पाडा. एकीनं साखळी घालत राहायचं, म्हणजे बसलेल्यांमधून नागमोडी पळत राहायचं, बाकी दोघींनी तेवढ्यात श्वास घ्यायचा.

कपड्यांचं: तरुणींनी सलवार-कुर्ता, ओढणी नाही. पाचवारी नेसणारीनं खेळायचं असेल तर पदराच्या, निऱ्यांच्या सगळ्या सेफ्टी पिना काढून गाठी मारायच्या. नऊवारीवाल्या आमच्या चुलत सासूबाई कासोटा मारून सगळ्यांत सहज पळायच्या, साठीतसुद्धा. काचेच्या बांगड्या काढायला आमच्याकडच्या म्हाताऱ्या तयार होत नाहीत, वाद घालू नका. बांगड्या कोपराकडं सरकवून वर रुमाल घट्ट बांधा. मंगळसूत्र मात्र डब्यात. हे मी शिकले ते असं: एका वर्षी सूर मारताना धाकट्या जाऊबाईंचं मंगळसूत्र तुटलं. काळे मणी, काळी माती. खेळ थांबला, गहू चाळायच्या तीन चाळण्या आल्या आणि अठरा बायका तासभर मैदान चाळत बसल्या. वाट्या सापडल्या, मणी चार कमी. त्या डब्याला आता दोन कुलुपं, एक किल्ली आत्याबाईंकडं आणि एक माझ्याकडं.

पोरींना पळायला लावायला मी दोन नावं सांगते. धाराशिवची सारिका काळे, तिच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सोनं घेतलं आणि २०२० ला तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. दुसरं नाव व्यक्तीचं नाही, जानेवारी २०२५ चं आहे: दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताच्या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं. त्यानंतरच्या येळवशीला खो-खोच्या डब्यातल्या चिठ्ठ्या कमी पडल्या. पोरांनाही खेळायचं होतं.

बांध-पाट शर्यत

ही आमच्या घरचीच. अकरा ते सोळाच्या लेकरांसाठी, साधारण आठशे मीटर: दोन बांध, एक वाहता पाट, एक कडब्याची आडवी रचलेली पेंढी, परत कोपीपाशी. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे तीन हजार मीटर स्टीपलचेस पळतो, त्यात अठ्ठावीस अडथळे आणि सात पाण्याच्या उड्या असतात. २०२२ च्या राष्ट्रकुलमध्ये त्याचं सुवर्ण एका सेकंदाच्या विसाव्या भागानं हुकलं. लेकरांना आधी हे सांगते आणि मगच शिट्टी मारते. पाटात घसरून पडतातच. म्हणून पाटाच्या पलीकडं गोणपाट अंथरा आणि एक काका उभा करा. कपड्यांचा दुसरा जोड आणा म्हणून आयांना आदल्या दिवशी सांगा, तरी निम्म्या आणत नाहीत.

रस्सीखेच, आणि उरलेलं

दोर अंबाडीचा किंवा सुती. नायलॉन हाताची सालं काढतो. स्पर्धेच्या दोराचा घेर १० ते १२.५ सेंटिमीटर असतो, गाडीला बांधायचा दोर त्याहून बारीक असतो आणि बोटांत रुततो, म्हणून तो नको. मनगटाला वेढा घ्यायचा नाही, कमरेला बांधायचं नाही, लहान लेकरानं दोराच्या मध्यावर उभं राहायचं नाही. रस्सीखेच दाबलेल्या मैदानावर घेऊ नका, शेजारच्या भुसभुशीत काळ्या रानात घ्या. टाचा रुततात आणि पडलं तरी लागत नाही.

बांधाचं भांडण झालेले आमचे दोघे दीर चौथ्या वर्षी चिठ्ठीत एकाच संघात निघाले, तेरणात. वजनाच्या हिशोबानं एकामागं एक उभे राहिले. शिट्टी वाजली, दोर ताणला, आणि मागच्यानं पुढच्याला म्हटलं, "पाय रोव की!" तीन वर्षांतलं ते पहिलं बोलणं. बांधाची केस अजून कोर्टात आहे.

साठीपुढच्यांना खुर्च्या देऊन प्रेक्षक करू नका. त्यांच्यासाठी गजगे, चिंचोक्यांवरचा चल्लस-आठ (पटावरचा खेळ), विटी-दांडू (विटी दूरवर, लेकरं मागं). त्यांचे गुण मुख्य गुणांत धरा. गेल्या वर्षी रेणा संघ घागर जिंकला तो एका आत्यांच्या गजग्यांवर.

क्रिकेट पोरं मागतातच. शेवटचा दीड तास द्या, टेनिस बॉल, अंडरआर्म. विहिरीत चेंडू गेला तर फलंदाज बाद आणि चेंडू विसरायचा. हा नियम फलकावर लिहा. आमच्याकडं एक पोरगं मोटारीच्या पाइपाला धरून विहिरीत उतरलं होतं. वर आलं तेव्हा त्याच्या हातात चेंडू होता आणि त्याच्या आईचा आवाज गेला होता. तेव्हापासून विहिरीभोवती बाभळीच्या फांद्या आणि दिवसभर एक माणूस, पाळीपाळीनं.

पंच

जावई. घरच्या पंचावर सगळे ओरडतात, जावयावर कुणाची टाप नाही. फक्त नवा जावई घेऊ नका. एकदा घेतला, त्यानं स्वतःच्या सासऱ्यांना बाद दिलं नाही, पोरांनी हुर्यो केली आणि तो जेवला नाही. पाच-सात वर्षं मुरलेला बघा. त्याला शिट्टी, टोपी आणि पहिल्या पंगतीत खीर.

दवाखान्याचं थोडक्यात: थर्माकोलच्या खोक्यात बर्फ, क्रेप बँडेज चार, ओआरएसची पाकिटं, एक गाडी तोंड रस्त्याकडं करून आणि किल्ली वहीपाशी. १०८ नंबर सगळ्यांना माहीत असतो, पण शेताचा पत्ता कुणाला सांगता येत नाही. "पाटीपासून डावीकडं, लिंबापाशी" असं ठरलेलं वाक्य वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा.

बक्षिसाला पैसे ठेवू नका, स्टीलची ताटंही नकोत. एकदा ठेवली तर कुणाचं ताट जड यावरून बोलणं झालं. घागर पुरे. संध्याकाळी पाचला गुण वाचायचे, साडेपाचला द्यायची, कारण सहाला पुण्याच्या गाड्या निघतात.

माणसं गेली की खांब उपसा आणि खड्डे त्याच संध्याकाळी बुजवा, रात्री गुरं सुटतात. दोर धुऊन सावलीत वाळवा. वहीत निकाल शाईनं लिहा. आणि सराट्यांनी भरलेलं ते गोणपाट बांधावर झटकू नका, तिथंच जाळून टाका. आमच्या दिरांनी एका वर्षी झटकलं होतं, पुढच्या पावसाळ्यात पूर्ण बांध पिवळ्या फुलांनी भरला.